बाही वर, बाही खाली

पर्वताची राई करायची, एवढंच आमचं काम होतं.
कादोमात, ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर.
जिन्यात कायम वाफेचा आणि गरम कॉलरचा वास.
आर्केडमधलं यंत्र कपाटाएवढं,
ते पोरांच्या खिशात बसवायचं होतं
वर्षअखेरच्या विक्रीआधी.

तोकोरो-सान म्हणायचे, जागा नाही.
रोज म्हणायचे,
जेवणापूर्वी म्हणावं तसं, हात जोडून.

आधी गेलं आकाश.
मग देवळामागचे कंदील, मग बघ्यांची गर्दी:
छत्रीवाली बाई, दोन शाळकरी पोरी,
खांद्यावर पोर घेतलेला मासेवाला.
लढणाऱ्यांनी त्यांच्याकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं.
मीच पुसले ते. एकेक ठिपका करत.
मासेवाल्याला सगळ्यात शेवटी.

मग रंग.
टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी
कागारीचे केस पेटलेले असत,
मिनामोचे निळे, गार.
आमच्याकडे छटा चार, आणि चारही शेवाळी.
विस्तव आणि पाणी एकाच रंगाचे झाले
आणि मी अख्खी दुपार बघत बसले:
आता यांचं वैर ओळखायचं कशावरून?
शेवटी कागारीचा डावा खांदा जरासा पुढे काढला.
मिनामोला दिली एक भुवई, एका ठिपक्याची.
भागलं.

आरोळ्यांचं काय झालं ते विचारू नका.
कढईत पाणी पडल्यासारखा एक आवाज उरला,
तोच दोघांनी वाटून घेतला.

सहा बटणांची दोन झाली.
थोडा राग असेल तर टिचकी.
फार असेल तर दाबून धरा.
(घरीही हे उपयोगी पडलं असतं मला,
पण तेव्हा सुचलं नाही.)

वाऱ्यापाशी मात्र हात अडला.
मूळ यंत्रात कागारी नुसता उभा असला
तरी त्याची बाही फडफडायची, अकरा चित्रांत.
कुणी काढली होती कोण जाणे, नाव कुठे छापलेलं नव्हतं;
पण त्या माणसाने कधीतरी गच्चीवर
वाळत घातलेल्या कपड्यांकडे खूप वेळ पाहिलं असणार.
मला मिळाली दोन.
बाही वर. बाही खाली.
बाही वर. बाही खाली.
रात्री दीड वाजता ते तसंच चालू ठेवून
मी लांब दाराशी जाऊन उभी राहिले, डोळे किलकिले करून.
वारा होता.
नव्हता.
होता.

हारजीत साठवून ठेवायला वेगळी चिप लागते.
तिचे पैसे हिरानुमा-सानांनी नाकारले.
मी भांडले. खालच्या मजल्यावर इस्त्री थांबली, इतकं.

पुढच्या ऑगस्टात आईकडे निघाले होते,
ताकामात्सुहून शोदोशिमाच्या बोटीने.
डेकवर एक मुलगा, उन्हाने नाक सोललेलं.
आमच्या पडद्याला दिवा नव्हता,
म्हणून बोट वळली की तोही वळत होता,
सूर्यफुलासारखा, मान न उचलता.

त्याची बहीण विचारत होती:
यातला कागारी कुठला?
हा.
कशावरून?
चिडलाय ना तो.

मी समुद्राकडे बघू लागले.
दुसरं काय करणार.

मग सेल उतरले असावेत, पडदा फिका पडत गेला,
आणि मिनामो त्याला कोपऱ्यात घेऊन बडवत सुटला.
हरायच्या अर्धा श्वास आधी
पोराने खटका खाली ओढला.
काच कोरी. पुसलेल्या पाटीसारखी.

हरलास, बहीण म्हणाली.

कुठे? दाखव.

आणि चारही सेल काढून
चड्डीवर घासायला लागला.